नारळाच्या खटल्याची पहिली तारीख

माझ्या धाकट्या दिराने कुवेतमध्ये नारळ फोडला आणि त्याच्यावर फौजदारी खटला झाला. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. आता मीही हसते. तेव्हा हसत नव्हते, कारण तो दोषी ठरला असता तर बोटांचे ठसे घेऊन त्याला कायमचा परत पाठवला असता. असा पाठवलेला माणूस पुन्हा त्या देशात पाय ठेवू शकत नाही. दिराला व्हिसा मिळायला चार वर्षं लागली होती आणि गावी त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या बापाने मुलगी कुवेतला दिली होती, माझ्या दिराला नव्हे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. जसं झालं तसं लिहिते. नावं घेत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून जिवंत आहेत आणि भांडखोर आहेत.

इराकचं युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. माझा नवरा एका कंपनीत ड्रायव्हर होता. आम्ही कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी घरी बारा माणसांचं जेवण करायचे. सगळे आमच्याच बाजूचे, कुडाळ-मालवणकडचे. कोणी सुतार, कोणी गवंडी, कोणी रंगारी. बायका-मुलं गावी. दीर त्यातलाच एक, सुतार. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, म्हणून मी त्याला भावजी वगैरे म्हणत नसे. अरेतुरेच चाले.

त्याने एक जुनी पिकअप घेतली. गाडी घेतली की नारळ फोडायचा, यात काही विशेष नाही. पण कुवेतच्या रस्त्यावर नारळ फोडायला दगड कुठला? त्याने इमारतीच्या दाराची पायरी बघितली. चांगली कडक पायरी होती. शुक्रवारची सकाळ, बाराही जण घरी. चाकांखाली चार लिंबं ठेवली, बॉनेटला कुंकू लावलं, उदबत्त्या पेटवल्या आणि दिराने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे देवाला मोठ्याने सांगावं लागतं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यावा लागतो.

"बा देवा म्हाराजा, ही गाडी घेतलंय, तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे अकरा.

"आणि कोणी वाकड्या नजरेन बघितल्यान, तर तेचा तेका बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता त्या पायरीशेजारी खुर्ची टाकून बसला होता इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार. इजिप्तच्या खेड्यातला, पन्नाशीचा, पायघोळ झगा घालणारा. माझ्या माशांच्या वासावरून त्याचं आणि माझं आधीच जमत नव्हतं. बारा माणसं धुरात उभी राहून एका सुरात ओरडताहेत आणि मध्ये मध्ये आपल्याकडे बघताहेत, हे तो डोळे फाडून बघत होता. दिराने नारळ आपटला. सुताराचा हात. करवंटीचा एक तुकडा उडाला तो थेट हारिसच्या भुवईवर. तीन टाके पडले.

पोलीस आले. त्यांनी दिराला नेलं आणि फुटलेला नारळ, चिरडलेली लिंबं, कुंकवाची पुडी हेही पिशवीत भरून पुरावा म्हणून नेलं. दोन दिवसांनी त्याच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाने, हमी देऊन त्याला सोडवलं. हारिसच्या तक्रारीत दोन गोष्टी होत्या. एक, माझं डोकं फोडलं. दोन, माझ्या दारात जादूटोणा केला. डोक्याचं काही नव्हतं, चुकून लागलं असं म्हणता आलं असतं. जादूटोण्याने मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले.

दीर माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला.

"वयनी, मी काय वायट केलंय? नारळच फोडलंय मा?"

"तो सरळ फोडूक होयो होतो."

"माका परत धाडतले."

"मग आधी जेव. उपाशी धाडले तर आणि लांब वाटात."

कफीलच्या कंपनीत एक मंदूब होता. सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन पळायचं त्याचं काम. तो हैदराबादचा, अरबी पाण्यासारखी बोलायचा, आणि मला अम्मा म्हणायचा, जरी त्याच्यात आणि माझ्यात पाच वर्षांचंही अंतर नव्हतं. त्याने घरी येऊन चहा पिता पिता सगळं समजावलं.

"अम्मा, पंद्रा दिन में पैली तारीख है। उस दिन केस सुनने नक्को देना। जज ताजी पट्टी देखा तो खलास। तारीख आगे बढ़ाव। टाके सूखने देव, बुड्ढे का दिमाग बी ठंडा होने देव। उनो लिख के दिया कि माफ किया, तो केस वहींच खतम।"

"और नहीं लिख के दिया तो?"

"तो टिकट।" त्याने हाताने विमान उडवून दाखवलं. मला त्याचा राग आला, पण चहा आणखी ओतला. कामाचा माणूस होता.

पंधरा दिवस हारिसची पट्टी लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत गेली. पहिल्या दिवशी भुवईवर चिकटपट्टी होती. आठवड्याने डोक्याला एक फेटा. तारीख जवळ आली तसा तो फेटा कानाखालून जाऊ लागला. मी भाजी घेऊन आत शिरले की तो खुर्चीतून कण्हायचा. मी वर गेले की कण्हणं बंद. हे मी जिन्यात थांबून दोनदा ऐकलं आहे.

मंदूब म्हणाला, आजारपणाचा दाखला आणा. सरकारी दवाखान्याने लिहून दिलं की आरोपी आजारी आहे, तर कोर्ट तारीख पुढे टाकतं. अडचण एवढीच की माझा दीर जन्मात कधी आजारी पडला नव्हता. खोटं बोलणंही त्याला येत नव्हतं. मी दोन दिवस त्याची तयारी करून घेतली. पोटात दुखतं म्हणायचं, उजव्या बाजूला, खाली. दाबलं की ओरडायचं. दाखल्यात माझाही हात होता हे मी लपवत नाही. मी एरंडेलसुद्धा काढून ठेवलं होतं. नवरा म्हणाला, "आणि तारीख पुढे गेलीच नाही तर कोर्टात काय करेल तो? विचार कर." म्हणून ते बाटलीत परत ओतलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई निघाली आपलीच, दिल्लीकडची. तिने त्याला झोपवलं आणि पोट दाबलं.

"यहाँ दर्द है?"

"नाय."

"यहाँ?"

दिराने माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. "हां, हां, यहाँ," तो म्हणाला, आणि ओरडायला विसरला.

"कब से है?"

"जब से कोर्ट की तारीख आई।"

झालं. तिने विचारलं कसलं कोर्ट, आणि या शहाण्याने लिंबापासून म्हाराजापर्यंत सगळी हकिगत सांगितली. हातवारे करून सांगितली. डॉक्टरीण इतकी हसली की शेजारच्या खोलीतली नर्स बघायला आली. मग डोळे पुसून तिने ॲसिडिटीची गोळी दिली आणि कागदावर लिहिलं की माणूस धडधाकट आहे, कामावर जायला हरकत नाही. बाहेर आल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तर पहिल्या तारखेला आम्ही गेलो. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. मंदूब होता. कंपनीचा वकील येणार होता, तो आला नाही. सगळ्यात आधी आला होता हारिस. पट्टी इतकी मोठी की एक डोळा आतच गेला होता. तो कॉरिडॉरमध्ये भिंत धरून चालत होता. आदल्या दिवशी मी त्याला पाण्याचे दोन बुधले दोन हातांत घेऊन गच्चीवर जाताना पाहिलं होतं.

दिराला पुढे उभा केला. शेजारी दुभाष्या, केरळचा माणूस. मी मागच्या बाकावर. न्यायाधीश तरुण होते, चष्म्यातले, आणि सकाळपासूनच्या प्रकरणांनी कंटाळलेले दिसत होते. त्यांनी कागद वाचायला घेतला. मंदूब माझ्या कानात सांगत होता.

"बोलरे, नारळ एक, फूटा हुआ। निंबू चार, दबे हुए। लाल पाउडर, एक पुड़ी।"

वाचता वाचता न्यायाधीश थांबले. त्यांनी दिराला विचारलं, हे सगळं कशासाठी?

दिराने हात जोडले आणि गाऱ्हाण्याचं सांगायला सुरुवात केली. केरळच्या दुभाष्याला नारळाबद्दल काय नवीन सांगायचं, तो म्हणाला, "छोटा करके बोलो भाई, मैं समझ गया।" पण दीर छोटं कशाला करतो? दुभाष्याने त्यातलं किती अरबीत सांगितलं देव जाणे. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा मात्र गेला. ते म्हणाले, वस्तू दाखवा.

पोलिसाने फाईल पुढे केली. वस्तू? वस्तू फाईलबरोबर आल्या नव्हत्या. पिशवीला वास यायला लागला म्हणून कोणीतरी ती दुसरीकडे ठेवली होती, आणि दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्या पोलिसाला माहीत नव्हतं. न्यायाधीश त्याला शांतपणे काहीतरी म्हणाले. मंदूबने सांगितलं, "बोलरे, चीज देखे बगैर मैं कैसा बोलूं जादू है कि जेवण?"

जेवण हा शब्द मंदूबने माझ्यासाठी घातला असेल. पण तारीख खरंच पुढे गेली. तीन आठवडे. ना दाखला, ना वकील, ना एरंडेल. नासक्या नारळाने केलं ते आमच्याने झालं नव्हतं.

"वयनी, तारीख पुढे गेली!" दीर उड्या मारायचा बाकी होता.

"गेली, सुटली नाय. गप रव."

हारिसने बाहेर येऊन पट्टी वर सरकवली आणि दोन्ही डोळ्यांनी आमच्याकडे रागाने बघितलं.

तीन आठवडे हातात होते आणि त्यात या माणसाकडून माफी लिहून घ्यायची होती. मंदूब म्हणाला, मी बोलतो. तो बोलायला गेला आणि शिव्या खाऊन आला. नवरा गेला, त्याला हारिसने आत घेतलंच नाही. मग मी गेले. आमच्या दोघांची भाषा म्हणजे चार शब्द अरबी, चार हिंदी आणि बाकी हात. तो मला "या सित" म्हणायचा, म्हणजे बाई. मी त्याला हारिसच म्हणायचे.

मी सरळ विचारलं, डोकं बरं झालं, मग आता राग कसला?

तो म्हणाला, डोक्याचा राग नाही. मग बोटं मोडून सांगायला लागला. त्या शुक्रवारपासून लिफ्ट तीन वेळा अडकली. त्याच्या फ्रिजची मोटर गेली. दाढ दुखते. आणि स्वप्नात बारा माणसं ओरडतात.

तेव्हा मला कळलं. हा माणूस नाटक करत होता ते पट्टीचं. भीती खरी होती. बिचारा त्या खुर्चीत बसून रोज वाट बघत होता की आता काय होतं.

"लिफ्ट युद्धापासून अडकते," मी म्हटलं. "फ्रिज कचऱ्यातून उचलून आणलेला."

"आणि दाढ?"

"दाढ दाखव."

त्याने आ केला. आत काळी कुळकुळीत. "ही काय एका शुक्रवारात किडली?"

त्याने तोंड मिटलं. मग म्हणाला, पण नारळ?

मी वर गेले. घरात नारळ होता, माझ्या घरी कधी नव्हता असं झालं नाही. कोयत्याच्या पाठीने फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, गुळाबरोबर ताटलीत घातले आणि खाली आणले. हारिस खुर्चीसकट मागे सरकला. मी त्याच्यासमोर पायरीवर बसून एक तुकडा खाल्ला. चावून चावून खाल्ला. मग दुसरा.

"तुझ्या गावात कोणी करणी केली, तिठ्यावर काही टाकलं, तर ते कोणी खातं?"

हे समजावायला मला पुष्कळ हात हलवावे लागले. समजल्यावर तो दचकला. खाणार? त्याला हातसुद्धा लावत नाहीत! लांबून जातात.

"आमच्याकडेही लांबूनच जातात," मी म्हटलं. "आणि हे बघ, आम्ही खातो. त्या दिवशीचाही खाणार होतो. पोलिसांनी नेला."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने अट घातली. मी एकटीने खाल्लं ते चालणार नाही. मी बाई, मला कदाचित उलटा मंत्र येत असेल. त्या दिवशी जे जे ओरडले त्या सगळ्यांनी त्याच्यासमोर खायला हवं.

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी तीन नारळ फोडले, माझ्या ओट्यावर, खिडकी लावून. बारा जण जिन्यात एका खाली एक उभे राहिले, आणि हारिस खुर्चीत बसून एकेकाला खोबरं खाताना तपासत होता. तोंड उघडायला लावून बघत होता गिळलं की नाही. एक रंगारी कुरकुरला, "वयनी, ह्या काय शाळा हा?" मी म्हटलं, "शाळेत गेलं असतास तर रांगेत उभा रवाची सवय असती." सगळ्यात शेवटी दीर. हारिसने त्याला दोन तुकडे खायला लावले, कारण गुन्हा त्याचा. मग त्याने ताटलीतला एक तुकडा स्वतः उचलला, हुंगला आणि झग्याच्या खिशात टाकला. खाल्ला की फेकला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी नव्हती.

माफी मात्र तो अजून लिहून देईना. आता त्याला काही हवं होतं. जिन्याखाली त्याची खोली होती, तिला दाराच्या जागी फळकूट लावलेलं होतं. थंडीत वारा आत यायचा. तो दिराकडे बघून म्हणाला, हा सुतार आहे ना? मला दार करून दे. चौकट, बिजागऱ्या, कडी, सगळं. आणि, बोट वर करून, उंबऱ्यावर काही करायचं नाही. लिंबू नाही, लाल पूड नाही, ओरडणं नाही. नुसतं दार.

दिराने चार संध्याकाळी खपून दार केलं. मुलाचा हात चांगला होता हे मला कबूल केलं पाहिजे. दार बसवताना हारिस शेजारी उभा राहून त्याच्या ओठांकडे बघत होता, काही पुटपुटतो का म्हणून. दिराच्या तोंडात खिळे धरलेले होते, तेवढं बरं झालं. दार उघडून, लावून, पुन्हा उघडून बघितल्यावर हारिस म्हणाला, "येतो तारखेला."

दुसऱ्या तारखेला आम्ही आठला पोचलो. हारिस नाही. नऊ वाजले. हारिस नाही. मंदूब जिन्यापर्यंत जाऊन जाऊन आला. आमच्या आधीचं प्रकरण आत गेलं.

"वयनी, तो येणा नाय. दार गावला तेका."

"येतलो."

"कशावरना?"

मी त्याला पाणी दिलं. तो आला नसता तर त्या दिवशी सगळं ऐकलं गेलं असतं, आणि ऐकून त्या न्यायाधीशांनी काय केलं असतं ते आजही मला सांगता येणार नाही.

आमचा पुकारा झाला तेव्हा तो आला. धुतलेला झगा, दाढी केलेली, भुवईवर एक बारीक रेघ. बस चुकली म्हणाला. आत गेल्यावर पोलिसाने पिशवी पुढे ठेवली. या वेळी ती सापडली होती. न्यायाधीशांनी पेनच्या टोकाने ती उघडली. चार वाळलेली लिंबं, कुंकवाची पुडी आणि दोन करवंट्या. स्वच्छ. आतून खरवडल्यासारख्या.

न्यायाधीशांनी विचारलं, आतलं कुठे आहे?

पोलीस छताकडे बघू लागला. दुभाष्या खाली बघू लागला. तेवढ्यात हारिस न विचारता बोलला, "ते खातात, साहेब. मी स्वतः पाहिलंय. बारा जण."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग विचारलं, तुझी तक्रार आहे की नाही? तो म्हणाला, नाही, माफ केलं. तोंडी नको, लिहून दे. कारकुनाने कागद दिला, त्याने सही केली, कारकुनाने शिक्का मारला. पाच मिनिटं लागली नसतील.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. दिराचे डोळे भरून आले होते आणि त्याला काय करावं सुचेना. सुचेना तेव्हा आमची माणसं जे करतात तेच त्याने केलं. हारिसच्या पाया पडायला तो एकदम वाकला.

हारिस किंचाळला. दोन्ही हात वर करून मागे उडी मारली आणि भिंतीला चिकटला. "बस! बस! नवीन काही नको!" दारातला शिपाई धावत आला. कारकुनाने आतून मान बाहेर काढली.

मी दिराची कॉलर धरून त्याला सरळ उभा केला. शिपायाला मंदूब काय झालं ते सांगू लागला. मी कारकुनाकडे जाऊन शिक्का मारलेली प्रत मागून घेतली, घडी करून माझ्या पिशवीत टाकली, आणि दिराला पुढे घालून जिना उतरले. खालपर्यंत त्याला वाकू दिलं नाही.